चौदा सेकंदांचे अप्पा

अप्पा गेले तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं मी लोकांची लग्नं आणि वाढदिवस शूट करतोय, तेव्हा माझ्याकडे अप्पांचा एखादा व्हिडिओ असणारच, असं सगळे धरून चालले होते. नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खरं तर शेवटच्या वर्षात मी त्यांना शंभरदा तरी शूट केलं असेल, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं. माझ्या जुन्या डीएसएलआरवर मी हौशी लोकांनी लिहिलेला एक फुकटचा प्रोग्रॅम चढवला होता. कॅमेरा एरवी चित्र दाबून लहान करतो. या प्रोग्रॅममुळे तो ते जसंच्या तसं, रॉ साठवतो, आणि रुंदी-उंची आपण ठरवायची. मोठं चित्र मागितलं की कार्डाला तेवढ्या वेगात लिहिणं झेपत नाही आणि रेकॉर्डिंग आपसूक बंद पडतं. आवाज तर येतच नाही. बायको म्हणायची, "चालत्या कॅमेऱ्याचं ऑपरेशन कशाला? उगाच सुखातला जीव दुःखात." पण त्या चित्रात बाहीचा धागा न् धागा दिसायचा. मला वेड लागलं होतं, दुसरं काय!

टेस्टसाठी न हलणारा माणूस लागतो. अप्पा हलत नव्हते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि रंगाने, थिनरने त्यांची फुप्फुसं खाल्ली. खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. आवाज कुजबुजीइतकाच उरला होता. मी ब्रश सोडून कॅमेरा धरला हे त्यांना कधी पटलं नाही. भांडले नाहीत, पण माझ्या कामाबद्दल चांगला शब्दही कधी काढला नाही. एकदा मी त्यांच्याच शर्टाचं बटण स्क्रीनवर मोठं करून दाखवलं, तर म्हणाले, "पाटी लांबून वाचता आली पाहिजे. जवळून नुसते ओघळ दिसतात." मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजून येतो.

प्रत्येक टेस्ट झाली की मी क्लिप पुसून टाकायचो. कार्डात जागा लागायची.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी टेबलाच्या खणात एक जुनं कार्ड सापडलं. त्यात एकच क्लिप होती, चौदा सेकंदांची. तारीख बघितल्यावर आठवलं. आई तीन दिवस मावशीकडे गेली होती आणि अप्पांचं सगळं माझ्याकडे होतं. त्या दुपारी मी आजवरची सगळ्यात जास्त रुंदी लावून बघत होतो. रुंदी वाढवायला उंची कापली होती, म्हणून चित्रात अप्पांचा चेहरा आणि खांदे एवढंच होतं. आणि अप्पा बोलत होते. थेट माझ्याकडे बघून बोलत होते. मध्येच उजवा खांदा उचलला जातो, हात वर केल्यासारखा. शेवटी ते किंचित हसतात आणि चित्र थांबतं.

मी ती क्लिप दिवसभर बघितली. त्या दुपारी मी स्क्रीनवरच्या आकड्यांकडे बघत "हं, हं, झालंच" म्हणत होतो, एवढंच मला आठवत होतं. ते काय म्हणाले ते काही केल्या आठवेना. पण हसले होते. माझ्या मनाने घेतलं की वीस वर्षं अडलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशी बोलून टाकलं, आणि माझ्या कॅमेऱ्याने नेमका आवाज तेवढा घेतला नाही.

ते वाक्य वाचू शकेल असं घरात एकच माणूस होतं. आईने तीस वर्षं कापड गिरणीत मागावर काढली. त्या खडखडाटात बायका एकमेकींशी ओठांनीच बोलायच्या. आईचे कान तिथेच गेले, पण नजर अशी तयार झाली की रस्त्यापलीकडच्या शेजारणी आपल्याबद्दल काय बोलतात ते ती खिडकीतून वाचायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उत्तर देऊन यायची. लहानपणी आम्हाला पुटपुटायचीही चोरी होती.

मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा पुसला. अप्पा दिसले तशी तिने बोटं ओठांवर ठेवली आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

"परत लाव," म्हणाली.

परत लावलं. तिसऱ्यांदा तिने हाताने थांबवायला सांगितलं.

"काय म्हणतायत?" मी तिच्यासमोर बसून विचारलं. "माझ्या कामाबद्दल काही आहे ना?"

"पाणी मागतायत," आई म्हणाली.

मी क्लिप पुन्हा सुरुवातीपासून लावली.

"दोनदा म्हणालेत. 'पाणी दे रे.' हा खांदा हलतोय ना, ते तांब्या दाखवतायत. तिथे स्टुलावर असायचा." चित्राच्या कडेबाहेर, टेबलाच्या लाकडावर तिने बोट टेकवलं. "आणि मग म्हणतात, 'राहू दे. तुझं चालू दे.'"

"आणि हसले ते?"

"तू लहानपणी चित्र काढत बसलास की असेच हसायचे. हाक मारली तरी तुला ऐकू यायचं नाही."

मला रडू आलं. कशाचं ते नीट सांगता येणार नाही. तुझं चालू दे, असं ते मला म्हणाले होते. वीस वर्षं मला तेवढंच हवं होतं. आणि ते म्हणताना त्यांना तहान लागलेली होती.

त्यानंतर मी काय केलं, हे मी खूप आठवून पाहिलं. रेकॉर्डिंग थांबलं. कार्ड स्लो असल्याची सूचना आली. मी शिवी हासडली, कार्ड काढलं, दुसरं घातलं. पुढचे आकडे लावले. तांब्या काही आठवत नाही.

आई माझ्याकडे बघत होती.

"दिलंस ना मग पाणी?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर अजून त्यांचा टॉवेल होता.

"दिलं," मी म्हणालो.

तिला ऐकू येत नाही. माझी हनुवटी धरून तिने माझा चेहरा स्वतःकडे वळवला.

"इकडे बघून सांग," म्हणाली.