शिवेवरची वीतभर फट

सन २०२३, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, ऋतू शिशिर. सकाळी गारवा आणि दुपारी चटका, अशा दिवसांत नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मी पिकअप गाडीच्या माल भरायच्या हौद्यावरचे सरकते झाकण आहे. निदान मला तसे सांगण्यात आले होते. पुढे माझ्याविषयी इतक्या जणांनी इतके निरनिराळे सांगितले, की मी नेमके कोण, हा गोंधळ माझ्या मनातून आजही पुरता गेलेला नाही.

माझे अंग ॲल्युमिनियमच्या अरुंद पट्ट्यांचे आहे. दुकानाच्या शटरसारखेच, परंतु आडवे. हौद्याच्या दोन्ही कडांना बसवलेल्या खाचांतून मी सरकते आणि उघडल्यावर केबिनमागच्या पेटीत गुंडाळून बसते. मला घडवणारे भीमराज हे मूळचे दुकानांची शटरे बनवणारे कारागीर. परदेशातील गाड्यांवर अशी झाकणे असतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिले आणि आठ दिवस खपून मला तयार केले. शटर शेवटपर्यंत ओढले की त्याला आपोआप कुलूप लागलेच पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. तो त्यांनी मलाही लावला. किल्ली लागायची ती केवळ उघडताना.

माझे मालक गोरक्षनाथ हे शिंगणापूरचे. नागापूरच्या एका घाऊक औषधविक्रेत्याचा माल सोनई, घोडेगाव, नेवासा या बाजूच्या दुकानांत पोहोचवण्याचे काम त्यांना नुकतेच मिळाले होते. माल संध्याकाळी भरायचा, गाडी मुक्कामाला घरी न्यायची आणि सकाळपासून वाटप करायचे, अशी पद्धत. विक्रेत्याची अट एकच होती: गाडीला सदैव कुलूप हवे, मुक्कामीसुद्धा.

शिंगणापूरची चाल वाचकांना ठाऊक असेलच. घराला चौकट असते, दार नसते. मग कुलूप कोठून असणार? ज्या देवाच्या राखणीवर गाव विसंबून आहे, त्याच्या गावात कुलूप लावणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे तेथे मानतात. गोरक्षनाथांच्या मातोश्री रतनबाई या घरात लग्न होऊन आल्याला बावन्न वर्षे झाली होती. या बाबतीत त्यांच्याइतके काटेकोर माणूस गल्लीत दुसरे नव्हते.

मी प्रथम अंगणात आले, तेव्हा सूनबाई राजेश्वरी यांनी गाडीपुढे नारळ फोडला. रतनबाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि लेकाला विचारले, "गोरख, ह्ये काय बसवलं?"

"झाकण हाय, आई. ताडपत्रीच म्हण. खोकी भिजू न्हाईत म्हणून."

माझ्या कुलपाविषयी एक शब्दही निघाला नाही. मला वाटले, गडबडीत राहून गेले असेल.

दुसऱ्या संध्याकाळी नागापूरला विक्रेत्याने विचारले, तेव्हा हेच गोरक्षनाथ ठामपणे म्हणाले की गाडीला चोवीस तास कुलूप असते. मी चक्रावून गेले. घरी मी ताडपत्री होते आणि येथे तिजोरी. माझ्या अंगात तर काहीच बदललेले नव्हते.

मग रोजचा परिपाठ ठरला. गावाची शीव आली की गोरक्षनाथ गाडी थांबवीत, इकडेतिकडे पाहून किल्ली फिरवीत आणि मला वीतभर मागे सारून ठेवीत. शेवटपर्यंत ओढले तर कुलूप लागणार. म्हणून घरी मी कायम वीतभर उघडे. सकाळी शीव ओलांडली की पुन्हा किल्ली खिशात आणि मी बंद.

त्या वीतभर फटीने फार अनर्थ केले. खोक्यांवर फुफाट्याचा थर बसू लागला. बंद गाडीत धूळ येते कशी, असे विक्रेत्याने विचारले, तर गोरक्षनाथांनी रस्त्याला दोष दिला. खाचांत माती साचून मी अडखळू लागले, तेव्हा त्यांनी घरातले गोडेतेल आणून भरपूर ओतले. तेल आणि माती यांचा असा चिखल झाला की मी मधोमध रुतले. भीमराजांनी खाचा खरवडताना चांगलेच सुनावले: "गोरखभाऊ, ही भज्याची कढई न्हाई. कोरडं फडकं मारायचं, बास." राजेश्वरींची तक्रार वेगळीच होती. माझ्या पेटीमुळे हौद्यात खोक्यांची एक रांग कमी बसते, हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. तरीही उन्हाळ्यात माझ्या तापलेल्या पाठीवर जुने धोतर अंथरून त्यांनी कुरडया वाळवल्याच. त्या दिवशी मी माचा झाले होते. मी आक्षेप घेतला नाही; आक्षेप कोणत्या नात्याने घ्यावा, हेच उमगत नव्हते.

असे वर्ष गेले. १७ मार्च २०२४ चा रविवार उजाडला. शनिवारी भरलेला माल सोमवारी वाटायचा असल्याने गाडी अंगणातच उभी होती. गोरक्षनाथ मोटारसायकलवरून घोडेगावला एका साखरपुड्याला गेले. किल्ली त्यांच्या खिशात होती. दुपारी वावटळ उठली. पाचोळा आणि माती फटीतून आत शिरताना रतनबाईंनी पाहिली. लेकाच्या मालाचे नुकसान होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी मला शेवटपर्यंत ओढले.

माझ्या पोटात खट् असा आवाज झाला.

वारा पडल्यावर त्या मला मागे सारू लागल्या. मी हलले नाही. हलणे माझ्या हाती नव्हते. त्यांनी शेजारच्या कल्याणला हाक मारली. त्याने वाकून माझ्या ओढायच्या मुठीखाली पाहिले आणि म्हणाला, "काकू, ह्याला तर कुलूप हाय. आन् लागलंय."

रतनबाई खाली बसल्या. राजेश्वरींनी फोन केला, ताट आणले, पाणी आणले. रतनबाईंनी कशालाही हात लावला नाही. माणसे जमली आणि माझ्या जातीकुळीचा निवाडा सुरू झाला. कोणी मला दार ठरवले, कोणी छप्पर. कल्याण समजूत घालू लागला, "काकू, गाडीला चाकं हायेत, घराला न्हाईत. कुलूप गाडीला लागलं, घराला न्हाई."

"उभी कुठं हाय? माझ्या अंगनात."

"आपसूक लागलं वो ते. तुमी थोडंच लावलं?"

"वढणारा हात माझाच हुता," त्या म्हणाल्या. मला वाटले, हात त्यांचा होता आणि कुलूप माझे. मग दोष नेमका कोणाचा?

गोरक्षनाथ तासाभराने पोहोचले आणि त्यांनी मला उघडले. मग रतनबाईंनी एक एक प्रश्न विचारून सारे काढून घेतले: विक्रेत्याची अट, शिवेवरचे थांबणे, फट. गोरक्षनाथ काकुळतीला येऊन म्हणाले की घरी कुलूप नसते हे शेठला कळले, तर काम त्याच दिवशी जाईल, आणि या कामावाचून गाडी पोसवणार नाही.

"मला निम्मं सांगितलंस, त्याला निम्मं," रतनबाई म्हणाल्या. "त्याच्याफुडं मी सबंध सांगनार. काम ऱ्हायलं तर ऱ्हायलं. मला बुधवारी संगं न्यायचं."

बुधवारी त्या केबिनमध्ये बसल्या. विक्रेत्याच्या गोदामासमोर रतनबाईंनी उभ्यानेच सगळे सांगितले. लेकाचा खोटेपणा सांगितला आणि आपल्या घरी कुलूप लागणार नाही हेही सांगितले. शेठनी कारकुनाला विचारले, की वर्षभरात या गाडीतून एखादे खोके कमी पोहोचले काय? एकही कमी पडलेले नव्हते.

"रस्त्याला कुलूप पाहिजेच," शेठ म्हणाले. "अंगणातला माल तुमच्या जबाबदारीवर, मावशी. एक खोकं कमी भरलं, तर काम बंद."

"व्हय. आन् ह्यानं घरी कुलूप लावलं, तर मीच तुमाला फोन करून काम बंद करायला सांगीन."

शेठना हसू आले. गोरक्षनाथांना आले नाही. ते डोळे पुसत होते.

तेथून आम्ही भीमराजांकडे गेलो. आपोआप लागणारे कुलूप काढा, असे रतनबाईंनी सांगताच त्यांना अपमान झाल्यासारखे वाटले. ओढले की लागणे हाच शटरचा धर्म, असे त्यांचे म्हणणे. रतनबाई म्हणाल्या, "लावायचं त्यानं जानून लावावं. न कळता कुनाच्या हातून लागू नये." भीमराजांनी थोडा विचार केला आणि कानस उचलली. आता किल्ली फिरवल्यावाचून मला कुलूप लागत नाही.

मी दार आहे, छप्पर आहे की नुसते झाकण, याचा निर्णय अद्याप कोणी दिलेला नाही, आणि मला तो करता येईल असे वाटत नाही. तुम्हां मालकमंडळींना माझी एवढीच विनंती आहे: आम्हांला काय म्हणायचे ते म्हणा, परंतु जे म्हणाल ते घरी आणि बाहेर एकच असू द्या. आम्हां निर्जीवांना दोन नावे घेऊन वावरणे फार कठीण जाते.

संध्याकाळी नवा माल भरून परतताना शीव आली. गोरक्षनाथ सवयीने उतरले, परंतु रतनबाईही उतरल्या आणि त्यांनी हात पुढे केला. गोरक्षनाथांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. रतनबाईंनी ती माझ्या मुठीखाली घातली आणि लेकाला विचारले, "कुन्या अंगाला फिरवायची?"

"उजवीकडं, आई."

त्यांनी किल्ली फिरवून कुलूप काढले. मला वीतभर मागे सारून पाहिले, पुन्हा दोन्ही हातांनी शेवटपर्यंत ओढले आणि कान देऊन ऐकले. कसलाही आवाज झाला नाही. मी पूर्ण मिटलेले आणि कुलपावाचून, असे प्रथमच गावात शिरले. तो दिवस २० मार्च २०२४, बुधवार.