एक सेंटीमीटर डावीकडे

किरणोपचार विभागातल्या मॅडमना विद्यार्थी पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत, आणि मॅडमना ते ठाऊक होतं. बावीस वर्षं त्यांनी त्या मशीनवर काढली होती, त्यातली अकरा वर्षं पोरांना शिकवण्यात. पेशंटला टेबलावर निजवायचं कसं, भिंतीतून येणाऱ्या लाल रेषा त्याच्या खुणांशी जुळवायच्या कशा, सगळं त्या हाताला धरून शिकवत.

“गाठ आपल्याला दिसत नाही,” त्या सांगत. “दिसतात त्या खुणा. खूण चुकली की किरणांचा शेक वाया, वर चांगलं अंग भाजणार.”

त्या वर्षी तीन विद्यार्थी होते. त्यातल्या एकीचा आवाज इतका बारीक, की बाकीचे दोघे तिला चिमणी म्हणत. पोरगी हुशार, पण काही विचारायचं म्हटलं की आधी दहादा आवंढा गिळणार.

त्यांच्या पेशंटपैकी शिंपीकाकांच्या घशात डाव्या बाजूला गाठ होती. पस्तिसांपैकी सतरा शेक झाले आणि गिळणं अवघड होऊन काका निम्मे उरले. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा जाळीचा मास्क ढिला पडला. मग नवा मास्क, नवं स्कॅन, मापांचा नवा कागद. जुन्या कागदावर टेबल खुणेपासून एक सेंटीमीटर उजवीकडे सरकवायचं होतं. नव्यावर डावीकडे.

सोमवारी बाहेर चौदा पेशंट ताटकळत होते. नव्या मास्कचा पहिला शेक एक्स-रे काढून, जागा तपासूनच द्यायचा असतो. पण मशीनचं एक्स-रे पॅनल बंद होतं आणि दुरुस्तीवाला बुधवारी संध्याकाळी येणार होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, “खंड नको पडायला. खुणा नीट जुळवा आणि द्या.”

काकांचा मास्क टेबलाला आवळला. मॅडमनी खुणा जुळवल्या आणि हाताच्या सवयीने टेबल उजवीकडे घेतलं.

“मॅडम,” चिमणी म्हणाली, “इथे डावीकडे लिहिलंय.”

“तू कागद बघतेस, मी पेशंट बघते,” मॅडम हसून म्हणाल्या. बाकीचे दोघे फिदीफिदी हसले. चिमणीचे कान लाल झाले. तिने कागद पाठीमागे धरला आणि सगळ्यांबरोबर ती खोलीबाहेर पडली. जड दार बंद झालं.

ती जागा मशीनने लक्षात ठेवली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी पॅनल सुरू झालं. पडद्यावर काकांचे मणके जिथे हवे होते तिथून दोन सेंटीमीटर बाजूला दिसले. मॅडमना वाटलं पॅनलच नीट बसवलं नाही. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. मग कागद मागवला. चिमणीने तो पुढे केला. मॅडमनी ‘डावीकडे’ वाचलं. त्या आत गेल्या, मास्क सोडला आणि काकांना हात देऊन उठवलं. “आज शेक नाही, काका. जरा बाहेर बसा.”

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं. “मशीनमध्ये बिघाड होता असं सांगू. ते काही खोटं नाही.”

“पॅनल बिघडलं होतं, सर. टेबल मी सरकवलं.”

“तुमची बावीस वर्षं पाण्यात जातील.”

मॅडम उठल्या. दुपारी डॉक्टरांच्या खोलीत काका-काकूंना बसवलं. चिमणी दाराशी उभी राहिली. तिला मॅडमनीच बोलावलं होतं. डॉक्टर “थोडा फरक पडला” वगैरे सुरुवात करू लागले, तेवढ्यात मॅडम बोलल्या, “काका, तीन दिवस शेक चुकीच्या जागी गेला. चूक माझी आहे.”

काकूंनी विचारलं, “चुकीच्या म्हणजे कुठे?”

मॅडमनी आपल्याच गळ्यावर डाव्या बाजूला दोन बोटं टेकवली. “इथे द्यायचा होता.” बोटं उजव्या कानाकडे सरकली. “इकडे गेला.”

“तिकडे तर काहीच नव्हतं ना हो?”

“नव्हतं.”

काका पुढे सरकले. घशातून खरखर आवाज आला. “त्या पोरीने सांगितलं होतं.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “ऐकू येतं मास्कच्या आतून. जबडा आवळलेला, मी बोलणार कसा? म्हटलं, मॅडमना आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

मॅडमना मान वर करवेना. इतकी वर्षं त्या पेशंटच्या अंगावरून बोलत आल्या होत्या, जणू मास्कखाली कुणी नसतंच.

बाहेर बाकावर चिमणी रडली. “मी मंगळवारी परत बोलायला हवं होतं.”

“बोलली होतीस तू,” मॅडम म्हणाल्या. “एकदा पुरे होतं.”

तीन शेक वाढवून दिले. चौकशी झाली, मॅडमचं शिकवणं चार महिने बंद झालं. डॉक्टरांनी किरणांपासून जपून ठेवलेली लाळेची उजवी ग्रंथी सुकली. काका तपासणीला पाण्याची बाटली घेऊन येत. “सुईत दोरा ओवायला आता हिची थुंकी उसनी घ्यावी लागते,” ते एकदा म्हणाले आणि स्वतःच हसले. काकू हसल्या नाहीत.

सातव्या महिन्यात डावीकडे गाठ परत आली.

“त्या तीन दिवसांमुळे?” मॅडमनी डॉक्टरांना गाठून विचारलं.

“सांगता येत नाही. तशीही आली असती कदाचित.”

काका गेल्यावर पंधरा दिवसांनी मॅडम त्यांच्या घरी गेल्या. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. काकूंनी पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. “तुम्ही खरं सांगितलंत, ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण आता परत येऊ नका.”

नव्या बॅचला पहिल्याच दिवशी मॅडमनी हे सगळं सांगितलं, स्वतःचं हसणंसुद्धा. वही कुणी उघडली नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “ते काका वाचले का, मॅडम?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्या पेशंटला आत बोलवायला उठल्या.