मावशींच्या बरगड्यांवरचा पट्टा

मित्रांनो, मी अंगावर बांधावयाचा एक जुना, करडा पट्टा आहे. माझे लवचीक कापड आता सैल झाले आहे व कडेची शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. तथापि मी सुखी आहे.

माझा जन्म रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाच्या टेबलावर झाला. त्याच्या मावशी एका कारखान्यात काचेच्या भांड्यांवर नक्षी कोरत असत. फिरत्या चाकावर काच टेकवून पाने-फुले उमटवण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. परंतु एकदा मोठी फुलदाणी शेवटच्या पानावर तडकली. तेव्हापासून चाकाजवळ जाताच मावशींचा श्वास अडकू लागला आणि श्वास अडकला की हात कापू लागला.

म्हणून भाच्याने मला घडविले. माझ्या कापडात एक नाजूक तार आहे. श्वासागणिक ती ताणते व सैल होते, आणि त्यावरून मी आवाज काढतो. श्वास अडखळला तर आवाज खरखरीत, संथ झाला तर मृदू. हा आवाज मावशींना कानांत घातलेल्या इअरफोनच्या बोंडांतून ऐकू येई.

"कसा वाटतो, मावशी?" भाच्याने विचारले.

"कानात डास शिरल्यासारखा."

मला शिवणारी त्याची पत्नी म्हणाली, "मावशी, यांच्या हातचं काहीही आधी डासासारखंच वाजतं."

आवाज मृदू राहावा म्हणून मावशी श्वास संथ ठेवायला शिकल्या आणि आठ दिवसांत तो गोड झाला. घरी खुर्चीत बसून मावशी इतक्या शांत होत की त्यांना डुलकी लागे. सर्वांनी माझी वाहवा केली. मीही फुशारलो, हे कबूल करतो.

मात्र कारखान्यात पहिल्याच दिवशी, माझा मधुर स्वर चालू असताना, त्यांच्या हातातील वाडगा फुटला. मालक शांतपणे म्हणाले, "बाई, आता आणखी एक फुटलं, तर उद्यापासून तुम्ही खोकी भरायला बसा."

तीस वर्षे कोरणाऱ्या हातांनी खोकी भरायची! मावशी घरी येऊन भाच्यासमोर बसल्या.

"अरे, मी डोळ्यांनी कोरत नाही, कानांनी कोरते. चाक जास्त दाबलं की काच कुरकुरते. तू माझे कानच बुजवलेस."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून भाचा दुपारभर मावशींच्या चाकाशेजारी स्टुलावर बसला. फुटक्या तुकड्यांवर चाक टेकवून मावशी त्याला ऐकवीत होत्या. "हा आवाज बरोबर. हा चुकला. आता तू डोळे मिटून सांग." दहांपैकी सात वेळा त्याचे चुकले.

तदनंतर त्याने बोंडे काढली व माझ्याच अंगात एक चपटा स्पीकर बसविला. माझा स्वर आता इतका खर्जातला झाला की तो कानांपेक्षा हाडांनाच अधिक कळे. शिवाय श्वास संथ झाला की मी अगदी गप्प होत असे, जेणेकरून मावशींना काच ऐकू यावी.

मग बारा पानांची फुलदाणी आली. सात पाने निर्विघ्न उतरली. आठव्याला श्वास थांबला. मी घुमलो. मावशींनी काच चाकावरून उचलली, सावकाश श्वास सोडला व पुन्हा टेकवली. पुढे मला एकदाच बोलावे लागले.

मालकांनी फुलदाणी उजेडात धरून बराच वेळ खोट शोधली. मग ती जपून खाली ठेवीत ते म्हणाले, "अशा आणखी सहा करायच्या आहेत. जमतील ना, बाई?"

"जमतील की. पण ते खिडकीजवळचं चाक द्या. या चाकाचा पट्टा फार ओरडतो."

मित्रांनो, आजही सकाळचा पहिला तास मी त्यांच्या अंगावर असतो. त्यानंतर त्या मला खुंटीवर अडकवतात. माझी विनंती एवढीच की, कोणासाठी काही घडवावयाचे असेल, तर आधी एक दुपार त्याच्या कामाशेजारी बसा. आणि माझ्यासारखा पट्टा घरी असल्यास तो गार पाण्यात धुवा, पिळू मात्र नका. आतली तार तुटली, तर पट्टा बांधलेले माणूस श्वास रोखून बसले आहे, हे आम्हांला कळणार नाही.