झाड म्हणजे वेल

दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याची धाकटी बहीण शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. फोन आला तशी सुई कापडातच टोचून ती निघाली, ती दादाच्या घरी राहिलीच. वय बासष्ट, पण दादासाठी ती अजून 'बारकी'. वहिनी जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुसरं कोण येणार होतं?

उजवा हात लुळा पडला होता. बोलणं मात्र दोन आठवड्यांत परतलं, अडखळत का होईना. पहिलं वाक्य काय, तर, "बारके, मागे पाणी कोण घालतंय?"

मागच्या आवारात त्याचा सगळा जीव. भिंतीच्या कडेने हॉप्सच्या सहा वेली, उंच खांबांवरून सोडलेल्या दोऱ्यांना वेढे घेत वर गेलेल्या. त्यांची हिरवी बोंडं बिअरला कडवटपणा आणतात. गल्लीच्या टोकाला छोटा कारखाना चालवणारा बिअरवाला दरवर्षी ती घेऊन जायचा. समोर उन्हात दोन कलमं, आलुबुखार आणि जर्दाळू यांच्या संकरातली, दोन निराळ्या जातींची. मागच्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा ओंजळभर फळ दिलं होतं.

बारकीला कापडातलं सगळं कळे, मातीतलं काही नाही. ती वही घेऊन खाटेशेजारी बसली आणि दादा सांगेल तसं उतरवून घेतलं. झाडाला रोज पाणी, भरपूर. झाडाला खतही सढळ हाताने, ते खादाड आहे. वेलीला मात्र आठवड्यातून एकदाच, मुळं ओली राहिली तर कुजते. वेलीला खत जास्त झालं तर नुसती पानं येतील, फळ नाही.

"वेलीला फळ?" तिने विचारलं.

"मग? कशासाठी लावलीय?"

बोंडांनाच फळ म्हणत असेल, असं समजून तिने तेही लिहिलं. ऐन उन्हाळा होता. रोज सकाळी ती दोन्ही झाडांच्या बुंध्याशी तळं करायची आणि वेलींकडे पाठ फिरवायची. महिन्याभरात झाडांची पानं पिवळी पडली आणि वेलींची कडेने करपून कुरकुरीत झाली.

"दादा, झाडं पिवळी पडतायत."

"पाणी कमी पडत असेल. वाढव."

तिने वाढवलं.

बिअरवाला बोंडं बघायला आला आणि वेलींकडे बघून त्याचा चेहराच उतरला. "काकू, काय झालं यांना?"

"तुम्हीच सांगा."

"मला विचारू नका. मला बोंडं सुकून पोत्यात आल्यावर कळतं. त्याआधीचं सगळं दादांच्या डोक्यात."

आणि डोक्यात काय चाललंय हे तिला एका दुपारी कळलं, तेही चुकून. दादा म्हणाला, "वारा लागतोय, खिडकी लाव." तिने लावली. तो वैतागला. "खिडकी गं! खिडकी!" आणि डाव्या हाताने सारखा दाराकडे दाखवत राहिला. तिने दार लावलं तेव्हा तो शांत झाला. बारकी तशीच उभी राहिली. खिडकी म्हणजे दार, तर झाड म्हणजे? ती धावत मागे गेली, वही उघडली आणि प्रत्येक 'झाड' खोडून वर 'वेल' लिहिलं, प्रत्येक 'वेल' खोडून 'झाड'. दोन कलमांपैकी धाकट्याचा बुंधा तोवर खाली काळा पडून मऊ झाला होता. बोट लावलं तर साल हातात आली.

त्याला तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार होती? तुझं ऐकलं म्हणून तुझं झाड मारलं?

आता ती सगळं उलटं करून ऐकायला लागली. मीठ म्हणाला की साखर द्यायची, वर म्हणाला की खाली. जमू लागलं. वेलींनी नवी पानं धरली. तेवढ्यात बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंचा गुण येऊ लागला आणि पंचाईत झाली. दादा मीठ म्हणाला, तिने साखर दिली, तर त्याला खरंच मीठ हवं होतं! दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटं. सकाळचा दादा सरळ आणि संध्याकाळचा उलटा म्हणावं, तर तेही नाही. तिने बाईंना विचारलं, "यांचं कधी खरं धरायचं?" बाई म्हणाल्या, "सुधारतायत की छान!" याचा बारकीला काही उपयोग नव्हता.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी तो म्हणाला, "बारके, झाड कापून टाक. जमिनीपासून."

ती हातात कात्री धरून आवारात उभी राहिली. उरलेलं एकच झाड समोर, सहा वेली मागे. चूक झाली तर ते झाडही जाईल. शेवटी तिने कात्री ठेवली आणि दादाला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं.

"कुठलं ते दाखव."

तो बराच वेळ बघत राहिला. वाळलेल्या खुंटाकडे, झाडाकडे, वेलींकडे. "एक मेलं," तो म्हणाला.

"माझ्यामुळे. पाण्याने."

"मीच सांगितलं होतं?"

"हो."

"बारके, नावं सुटतात गं हातातून. मलाच कळेना यातलं काय म्हणजे काय."

बारकीने खुर्ची वेलींजवळ नेली. त्याने डावा हात पुढे केला, वाळकी वेल चिमटीत धरली, खाली मुळापर्यंत चाचपत गेला आणि दोन बोटांची कात्री केली. मग खुर्ची झाडाजवळ नेली. तिथे त्याने नुसता तळवा बुंध्यावर ठेवला आणि मान हलवली. नाही.

तिने सहाही वेली जमिनीलगत कापल्या. भिंत ओकीबोकी झाली.

"मेल्या का रे?"

"नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बहुतेक."

थंडी सरल्यावर चार वेलींचे जांभळे कोंब मातीतून वर आले. दोन आल्याच नाहीत. झाडाला फुलं लागली आणि सगळी गळून गेली. बारकी दादाला घेऊन रोपवाटिकेत गेली. तिथली बाई म्हणाली, "दुसऱ्या जातीचं झाड जवळ असल्याशिवाय याला फळ धरत नाही. जोडीला कुठली जात होती?"

दादाने एक नाव सांगितलं. बाईने बारकीकडे पाहिलं. "नक्की?"

बारकीने दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा शांत होता, पण तसा तो चुकीचं सांगतानाही शांतच असायचा.

"तेच द्या," ती म्हणाली.