रोजची एक ओळ

पितांबरआबांचे गुडघे धरलेत, असं त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, गावभर सांगून ठेवलं होतं. गावालाच काय, धुळ्याला कचेरीत नोकरी करणाऱ्या मुलाला, ललितलाही फोनवर हेच. डोक्याचं औषध चालू आहे म्हटलं असतं, तर अर्ध्या रावेर तालुक्याने आबांना वेडं ठरवून टाकलं असतं. गुडघ्यांना कोणी हसत नाही.

खरं दुखणं निराळंच होतं. केळी उभी, घर भरलेलं, कशाची ददात नाही. आणि मागच्या उन्हाळ्यापासून हा माणूस खाटेवर नुसता पडून. जेवा म्हटलं तर जेवायचा, नाहीतर तसाच. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांच्या मनाला विचारत बसू नका, ते नाहीच म्हणणार. रोज ठरल्या वेळी एक काम हातात द्या. थोडंच, पण रोज."

बाईंनी काम शोधलं ते पिलं कापायचं. केळीच्या बुडाशी पिलं, म्हणजे नवे कोंब, फुटतच राहतात, आणि वाढली की मोठ्या झाडाचं अन्न खातात. कापावीच लागतात. पिलांना कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी मजुरांना बजावलं. मग रोज चहा झाला की खाटेशी उभ्या राहायच्या. "उठा. आज एकच ओळ कापू."

सुरुवातीला हाताला धरून न्यावं लागे. हिवाळा सरता सरता आबा आपले आपण चपला शोधू लागले. एकदा तर वाकल्या वाकल्या म्हणाले, "औंदा घड चांगले निघतीन." किती महिन्यांनी त्यांनी पुढचं काही बोलून दाखवलं होतं. बाई केळीआड जाऊन पोटभर रडून आल्या.

होळीला ललित आला. त्या दिवशी ही दोघं डॉक्टरांकडे गेली होती. संध्याकाळी बसमधून उतरून घरी येतात तो ललित ओट्यावर वाट पाहत उभा, चेहरा नुसता फुललेला.

"आबा, तुम्ही रोज पिलं कापता म्हणे. आता वाकायचं काम नाही. बाहेरचे मजूर लावून बठ्ठी पिलं काढून टाकली, एक ठेवलं नाही. गुडघ्यांना आराम द्या."

"बरं केलं," आबा म्हणाले आणि आत गेले.

सकाळी आबा सवयीने मळ्यात गेले. हातात विळा घेऊन या ओळीतून त्या ओळीत फिरले आणि तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

शेवटी बाईंनी ललितला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं. "त्या पिलांसाठी तुहे आबा उठत होते रे."

ललित पांढराफटक पडला. "मले कायले नाही सांगितलं, माय?"

"लाज वाटली. लोकांची."

आपल्या लाजेनेच घात केला, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. पोराला बोल तरी कोणत्या तोंडाने लावणार?

ललित उठून आबांच्या खाटेवर बसला. लहानपणी आबा त्याचे पाय चेपायचे, तसे त्याने आबांचे पाय मांडीवर घेतले.

"आबा, चला ना मळ्यात."

"कायले?" आबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता.

ललितने आईकडे पाहिलं. बाईंनी सगळा मळा डोळ्यांपुढून फिरवला. नवं पिलू फुटायला अजून कितीतरी दिवस होते. त्यांना एकही काम सुचेना.

उत्तराची वाटही न बघता आबांनी पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे कूस वळवली.