राखणदाराचं पाकीट

सिगरेट सोडल्यापासून धाकू घाडीला एकच काम उरलं होतं, ते म्हणजे चिडणं. सकाळी उठला की तो आधी नळावर चिडायचा, मग चहावर, मग चहा पुढे करणाऱ्या बायकोवर. चहात काही खोट नसायची. वीस वर्षं चहाच्या शेवटच्या घोटावर त्याची पहिली सिगरेट पेटत आली होती आणि आता तो घोट नुसताच पोटात जात होता, त्याला चहा काय करणार? हे धाकूला समजत होतं. समजत होतं म्हणून तो आणखी चिडायचा.

त्याने काही हौसेने सोडली नव्हती. पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं आधी निळी, मग काळी पडली आणि शेवटी सरकारी इस्पितळात ती कापावी लागली. त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असलेला एक डॉक्टर खाटेच्या कडेला उभा राहून म्हणाला, "सिगरेटमुळे तुमच्या पायातल्या रक्ताच्या नळ्या बंद पडत चालल्यात. यापुढे ओढलीत, तर पुढच्या खेपेला घोट्यापासून कापू. त्याच्या पुढच्या खेपेला गुडघ्यापासून." धाकू विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर होता. आठ तास उभं राहायचं काम. पाय गेला की लेथ गेली, आणि लेथ गेली की घाटकोपरच्या टेकडीवरची खोली, दोन मुलींच्या शाळा, सगळंच गेलं. इस्पितळात नेताना शर्टाच्या खिशात पाकीट होतं, ते त्याने तिथल्या खिडकीतून बाहेर फेकलं. तेव्हापासून एकसुद्धा नाही.

पण यावर विश्वास कोण ठेवतो? सुगंधा, त्याची बायको, रोज संध्याकाळी तो कामावरून आला की शर्ट खुंटीला लावायच्या निमित्ताने हातात घ्यायची आणि हळूच नाकाला लावायची. आपल्याला कोणी बघत नाही असं तिला वाटायचं. एकदा धाकू टेकडीच्या पायथ्याच्या पानाच्या गादीवर काडेपेटी घ्यायला गेला, घरातली संपली होती म्हणून, तर काशीराम पानवाला मान खाली घालून म्हणाला, "धाकूशेठ, तुम्हाला काडेपेटी द्यायची नाही असं वहिनींनी सांगून ठेवलंय." मागे चार माणसं उभी होती. त्यातला एक हसला. धाकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडेपेटी न घेता तो टेकडी चढून आला आणि दारातूनच सुगंधावर ओरडला.

"मी काय चोर आहे? अख्ख्या वस्तीला पहाऱ्यावर बसवलंस?"

"ओरडा," सुगंधा भाकरी थापता थापता म्हणाली. "ओरडायला दोन पाय लागतात. आहेत तोवर ओरडून घ्या."

तो पायरीवर जाऊन बसला आणि आतल्या आत धुमसत राहिला.

कारखान्यात भीमराज होता. शेजारच्या लेथवरचा, मूळचा जालन्याकडचा. दहा वर्षं दोघांनी जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून एकाच काडीवर दोन सिगरेटी पेटवल्या होत्या. आता भीमराज सुट्टी झाली की गोदामाच्या पलीकडे निघून जायचा आणि येताना तोंड धुऊन यायचा. धाकूला याचाच जास्त राग यायचा.

"माझ्यासमोर ओढ की," तो एकदा म्हणाला. "मी काय पोर आहे, रडेन म्हणून लपवतोयस?"

"तू रडशील म्हणून नाही रे," भीमराज म्हणाला. "मागशील म्हणून. आणि मागितलीस तर मला नाही म्हणता येणार नाही. आपली वाट लागेल, तुझी पण आणि माझी पण."

धाकू दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. बोलणं खरं होतं, ते त्याला कसं सहन होणार?

अशात फेब्रुवारीत गावाहून जयवंत आला. जयवंत धाकूचा मोठा भाऊ, गावातल्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालणारा. धाकूची बोटं कापली तेव्हाही तो धावत आला होता, आठ दिवस इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपला होता. त्याच आठ दिवसांत त्याने एक काम करून ठेवलं होतं आणि ते तो आता सांगायला आला होता.

टेकडीच्या माथ्यावर, चाळीच्या मागे, एक उंबर होता. कोकणातली माणसं इथे राहायला आली तेव्हा त्यांनी गावची माती आणून उंबराखाली एक दगड बसवला होता. तो राखणदार. त्याला गावासारखंच सगळं लागायचं: नारळ, कोंबडा, आणि विडी. धूर आवडणारा देव होता तो. देवळातल्या देवासमोर जे चालत नाही ते याच्यासमोर चालायचं. जयवंत त्याला नवस बोलला होता, की धाकूचा पाय राहिला तर धाकू स्वतः तुला आपल्या आवडीच्या सिगरेटचं अख्खं पाकीट पेटवून देईल. दगड काही विडी ओढून पेटवत नाही. ज्याचा नवस, त्याने ती तोंडात धरायची, काडी लावायची, पेटेल एवढा झुरका घ्यायचा आणि मग दगडापुढे ठेवायची. पाकिटात दहा. म्हणजे दहा झुरके.

धाकूला वाटलं, भाऊ थट्टा करतोय.

"दादा, डॉक्टरने काय सांगितलं ते तुझ्यासमोर सांगितलं ना?"

"देवाच्या कामात डॉक्टर खय इलो?" जयवंत म्हणाला. "तुझो पाय कोणी राखलो? डॉक्टरान तर बोटां कापली. पाय राखलो तो राखणदारान. आता तेचा तेका देवक नको?"

"मग तू पेटव."

"नवस तुझ्या नावान बोललंय मी. दुसऱ्यान पेटवलेली तेका चलणा नाय. आणि दहा झुरक्यांनी काय पाय झडतलो?"

धाकूने सुगंधाकडे बघितलं. रोज शर्ट हुंगणारी ही बाई, काडेपेटीसाठी त्याची चारचौघांत शोभा करणारी. ती आता उसळेल, दिराच्या तोंडावर नाही म्हणेल, अशी त्याला खात्री होती. सुगंधा पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती.

"देवाचं आहे ते," ती हळू म्हणाली. "बोललेलं दिलं नाही आणि उलटलं तर? रविवारी अमावास्या आहे. एकदाचं उरकून टाका. मग पुन्हा शिवायचं नाही."

म्हणजे तीन महिन्यांचा पहारा एका दगडापुढे गुंडाळून ठेवला. धाकू उठला आणि बाहेर गेला. तिथे थांबला असता तर त्याने ताट फेकलं असतं.

खरं सांगायचं तर तो त्यांच्यावर चिडला होता, त्याहून जास्त स्वतःवर चिडला होता. कारण जयवंतने "पाकीट" म्हटलं त्या क्षणी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. आतून कोणीतरी म्हणालं होतं, घे की, तुला कोण बोलणार आहे, देवाचंच काम आहे. तीन महिने तो अशाच निमित्ताची वाट बघत होता आणि आता ते निमित्त भाऊ हळद-कुंकू लावून समोर घेऊन आला होता. याची त्याला इतकी लाज वाटली की ती रागाशिवाय दुसऱ्या कशात मावेना.

शनिवारी सुट्टीत त्याने भीमराजला सगळं सांगितलं. भीमराजने डबा बंद केला.

"देवाचं मी काही बोलत नाही. आमच्या घरात देव नाही, नवस नाही, मला त्यातलं काय कळणार? पण तुला मी ओळखतो यार. तू उद्या दहा झुरके घेणार आणि सोमवारी अकरावा घ्यायला गोदामाच्या मागे येणार. तू दगडाची भीती बाळगू नको, सोमवारची बाळग."

रविवारी सकाळी उंबराखाली पंचवीस-तीस माणसं जमली. बायका एका बाजूला उभ्या होत्या. पायथ्यावरून काशीराम पानवालाही आला होता. पाकीट त्याच्याकडूनच आणलं होतं, आणि ते विकताना या खेपेला त्याला काही अडचण आली नव्हती. जयवंतने दगडाला पाणी घातलं, शेंदूर लावला, नारळ ठेवला. मग पाकीट फोडून त्यातली एक सिगरेट धाकूच्या हातात दिली. धाकूने ती ओठात धरली. तंबाखूचा कोरडा वास सरळ डोक्यात गेला.

जयवंतने हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले. गाऱ्हाण्याची रीतच तशी. घालणारा एक वाक्य बोलतो आणि जमलेले त्याला होकार देतात. होकार मिळाला म्हणजे ते सगळ्यांचं झालं.

"आज ह्यो धाकू तुझ्या पायाकडे उभो रवलो हा. तेच्या पायावर जा संकट इल्ला, ता तू दूर केलंस."

"व्हय म्हाराजा."

"तुका जा बोललेला, ता आज तो आपल्या तोंडान पेटवन देता हा. ता मानून घे आणि तेच्या पायाची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

जयवंतने काडी ओढली आणि ओंजळीत धरून धाकूच्या तोंडापाशी आणली. ज्योत सिगरेटच्या टोकापासून दोन बोटांवर होती. फक्त मान पुढे करायची होती. तीस माणसं हात जोडून, अगदी प्रेमाने, त्याला ओढ म्हणून सांगत होती. धाकूने त्या सगळ्यांकडे बघितलं. यातला एक तरी उद्या माझ्या पायाच्या बदल्यात स्वतःचा पाय देणार आहे का, असं त्याच्या मनात आलं, आणि डोकं असं फिरलं की त्याने सिगरेट थुंकून टाकली.

काडी जयवंतच्या बोटापर्यंत जळली. त्याने हात झटकला.

"धाकू, काय केलंस ह्या?"

धाकू दगडाकडे वळला आणि हात जोडले. गाऱ्हाणं घालायचा मान मोठ्या भावाचा. धाकूने जन्मात कधी घातलं नव्हतं, पण ऐकत लहानाचा मोठा झाला होता. रागाने त्याचा आवाज चिरकत होता.

"बा देवा म्हाराजा. नवस माझ्या भावान बोललो. माका न इचारता बोललो."

कोणी काही म्हणेना. उंबरावर कावळे ओरडत होते.

"माका ही सिगरेट होयी आसा म्हाराजा. तुझ्यापेक्षा माका जास्त होयी आसा. ही एक पेटली काय मी दहाय ओढतलंय. तुझ्या वाट्याक थोटूकसुद्धा येवचा नाय. म्हणान मी पेटवचंय नाय."

एका म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले.

"राग इलो तर माझ्यावर काढ. पोरींवर नको, भावावर नको. तो माझ्यासाठी आठ दिवस फरशीवर झोपलेलो. पण ह्यो पाय माझो आसा. तो मी कोणाक देवचंय नाय. तुकाय नाय."

एवढं बोलून त्याचे शब्द संपले. हात जोडलेले होते आणि होकार नव्हता. होकाराशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, ते नुसतं एका माणसाचं बडबडणं होतं. धाकूने डोळे मिटले. आता काडी पुन्हा पुढे आली तर आपण नाही म्हणू शकणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

"व्हय म्हाराजा."

बायकांच्या बाजूने आवाज आला. बायका गाऱ्हाण्याला होकार देत नाहीत. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सुगंधाने हात जोडले होते, चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ भीतीने कापत होते. आपलं ऐकू गेलं नसेल असं वाटून की काय, तिने पुन्हा एकदा, मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

दुसरं कोणी म्हणालं नाही. हळूहळू माणसं पांगली. जयवंतने नारळ फोडला नाही. उरलेलं पाकीट त्याने दगडापुढे ठेवलं, न पेटवलेलं, आणि खोलीवर जाऊन आपली पिशवी भरली. "माका तोंड दाखव नको," एवढंच तो उंबराखालून निघताना धाकूला म्हणाला होता. जेवण तयार होतं, तरी न जेवता दुपारच्या एस्टीला गेला. त्यानंतर तीन गणपतींना त्याने धाकूला गावचं बोलावणं धाडलं नाही.

त्या सकाळी सगळे गेल्यावर उंबराखाली धाकू आणि सुगंधा दोघंच उरली. थुंकलेली सिगरेट धाकूच्या पायाशी पडली होती, टोक जरासं ओलं, बाकी चांगली कोरी. जयवंतने खाली टाकलेली काडेपेटीही तिथेच होती. धाकू बघत राहिला. सुगंधालाही दिसत होती. एरवी तिने झडप घालून उचलली असती. ती जागची हलली नाही.

धाकूने डावा पाय उचलला आणि सिगरेटवर ठेवला. कापलेल्या बोटांच्या जागेतून कळ निघाली ती मांडीपर्यंत गेली. त्याने आणखी जोर दिला आणि टाच फिरवून तंबाखू मातीत कालवली.

"चला आता," सुगंधा म्हणाली. "भात गार होतोय."

ती पुढे झाली आणि तो लंगडत तिच्या मागे टेकडी उतरू लागला. अर्ध्या वाटेवर त्याला आठवलं, की पाकिटात नऊ कोऱ्या सिगरेटी तशाच वर राहिल्या आहेत. मग दाराशी पोचेपर्यंत तो त्या नऊ सिगरेटींना, भावाला, डॉक्टरला आणि स्वतःच्या तोंडाला सुटलेल्या पाण्याला मनातल्या मनात शिव्या देत चालत राहिला.