भोंग्याने नूतनला बोलावलं

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. कान झाकू नका, आज मी हळू बोलणार आहे.

माझा जन्म पेणचा. हैबतराव नावाच्या लेथवाल्याने मला पितळेत घडवलं, हवा सोडून पाहिली आणि हसून म्हणाला, "लय तोंडाळ हाय गडी!" मग मी रोह्याला आलो, कापडाच्या रंगाची पूड बनवणाऱ्या एका कंपनीच्या छपरावर. खाली बॉयलर आहे. तो गॅसवर चालतो, त्याची वाफ माझ्यात शिरते आणि मी ओरडतो. वाफ नसली की मी नुसता पितळेचा तुकडा.

पण काय दिवस होते! वारा बरा असला की माझी हाक कुंडलिका नदी ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावापर्यंत जायची. तिकडे कुकर उतरायचे, डबे भरायचे, माणसं पुलावरून लगबगीने निघायची. मी भाव खायचो, खोटं कशाला बोलू?

त्यात अमेरिकेतलं एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. अमेरिकेचं आणि चीनचं फाटलं होतं, म्हणून त्यांना चीनचा रंग नको होता. दोघांच्या चढाओढीत आमचं फावलं. कंपनीने दुसरी शिफ्ट सुरू केली आणि अष्टमीची नूतन पॅकिंगला लागली. घरात कमावणारी ती एकटीच. वर्ष भरलं की तुला कायम करू, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं.

दहा महिने भरले आणि दूर आखातात लढाई पेटली. समुद्रात बोटी अडकल्या. बॉयलरवाल्या विठूला नूतनने विचारलं, "काका, आपलं काय भांडण हाय त्यांच्याशी?"

"काय पण नाय गो. पण आपला गॅस त्याच वाटेनं येतो ना!"

गॅस कमी झाला, मग बंदच झाला. बॉयलर थंड पडला आणि माझी वाचा गेली. गिऱ्हाइकाने दोन महिने वाट पाहिली. चीनमधला कारखाना कोळशावर चालायचा, त्याचं काहीच अडलं नाही. शेवटी ज्याला टाळून ते आमच्याकडे आले होते, त्याच्याशीच तीन वर्षांचा करार करून मोकळे झाले.

"लढलं कोण, पारडं जड झालं कुणाचं," विठू म्हणाला, "आणि आपण कुठंच नाय."

नूतन दर सोमवारी गेटवर यायची. वॉचमन काळुराम तिला सांगायचा, "भोंगा वाजला की ये गो. तोवर खेपा कशाला घालतेस?" त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं.

पाच महिन्यांनी तह झाला. बोटी सुटल्या, गॅस आला. पण एवढा माल घेणार कोण? साहेबांनी जुन्या कायम कामगारांची एकच शिफ्ट लावली. विठूने माझी साखळी ओढली. वाफ अंगात शिरली आणि मला हर्षवायूच झाला हो! घसा फोडून ओरडलो. कुणासाठी ओरडतोय, हे माझ्या मनातही आलं नाही.

नूतन धावत आली. केस ओले, हातात डबा, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. काळुरामने यादी दोनदा पाहिली.

"तुझं नाव नाय गो यात. दुसरी शिफ्ट बंद झाली."

"असं कसं? भोंगा वाजला की!"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चुकलो गं बाई, असं मला म्हणायचं होतं. पण मला एवढंच ओरडता येतं, आणि तेही विठूने साखळी ओढली तर. ती डबा पदराखाली घेऊन परत गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडतात, की आम्हाला पुसा, वापरा, अडगळीत टाकू नका. मी उलटं मागतो. मला उतरवून ठेवा. हिरवा पडलो तरी चालेल. पण ज्यांना आत घ्यायचं नाही, त्यांना माझ्या तोंडून बोलावू नका.

उद्या सकाळी सातला विठू साखळी ओढेल आणि मला ओरडावंच लागेल. अष्टमीत नूतनला ते ऐकू जाईल.